खंडारेच्या जागी

लाल शाईचं वर्तुळ पुरतं मिटलेलं नव्हतं. खालच्या अंगाला, पेन कागदावरून सुटलं असावं तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली होती, आणि रोशनी कितीतरी वेळ त्या फटीकडेच बघत राहिली, वर्तुळाच्या आत जे छापलं होतं त्याकडे बघायचं टाळून... आत तीन इंग्रजी अक्षरं होती. डी, ई, ओ. देव.

"सात ठिकाणी हाय," दाराशी उभे असलेले देवराव म्हणाले. "सातीच्या साती ठिकाणी गोल केलाय बघ."

तिने पानं उलटली. वर्तुळं होती. काही घाईची, काही दोनदा फिरवलेली, शेवटचं तर इतकं दाबून की कागद मागून उठला होता. तिच्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण सिकंदराबादच्या रेल्वे कारखान्यात खलाशी म्हणून लागून छत्तीस वर्षांनी फिटर म्हणून बाहेर पडलेल्या माणसाला पासावर, पगाराच्या चिठ्ठीवर, क्वार्टरच्या कागदावर, पेन्शनच्या पुस्तकावर एक शब्द इतक्या वेळा दिसतो की तो वाचावा लागत नाही, चेहऱ्यासारखा ओळखता येतो. आठ अक्षरांचा. खंडारे.

"पंचफुला देवराव, इथवर बरोबर हाय. पुढं आठ अक्षरं पाहिजेत, तर तीनच हायती. कुणाचं नाव हाय हे?"

"कॉम्प्युटरनं केलंय, बाबा. दुरुस्त करते."

"कॉम्प्युटरला काय म्हाईत, कुणाचं काय नाव ते?"

त्यांनी हे तक्रार म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, कारखान्यात एखाद्या नव्या यंत्राबद्दल विचारत असतील तसं. आणि उत्तराची वाट न बघता ते स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले. रोशनीने लॅपटॉप उघडला.

पुढच्या रविवारी आईला जाऊन वर्ष होत होतं. विहाराच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, आणि त्या दिवशी वाटायला ही चोवीस पानांची पुस्तिका. डावीकडच्या पानावर देवरावांनी वहीत लिहिलेली आईची हकीकत, मराठीत, त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे तीच इंग्रजीत, कारण भाऊ धम्मानंदची दोन्ही मुलं बंगळुरूत वाढलेली, मराठी बोलणं समजतं पण अक्षर ओळखत नाहीत. इंग्रजी रोशनीने केलं होतं. दोन आठवडे, ऑफिसमधून आल्यावर, वही डाव्या हाताला उघडी ठेवून, पडद्याकडे न बघता—टाइप करताना ती पडद्याकडे कधीच बघत नसे, बोटांवर तिचा भरवसा होता. मग फाइल गौलीगुड्याच्या उमाजीच्या छापखान्यात गेली, काल संध्याकाळी कच्चं प्रूफ आलं, आणि बापाने सकाळी उठून, अंघोळ करून, चष्मा पुसून लाल पेन हातात घेतलं. आज चार वाजेपर्यंत पक्की फाइल द्यायची होती. उद्या सकाळी मशीन लागणार.

तिने नवी रिकामी फाइल उघडली. टाइप केलं: पंचफुला देवराव खंडारे. इंग्रजीत, एकेक अक्षर, या वेळी पडद्याकडे बघत. शेवटच्या अक्षरापर्यंत नाव जसंच्या तसं उभं होतं. मग तिने स्पेस दाबली, आणि आठ अक्षरं गेली, तीन आली. पापणी लवायच्या आत. आई देव झाली.

तिला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. लाल वर्तुळ पाहिलं त्याच क्षणी त्या तीन अक्षरांची ओळख तिला पटली होती. पण माहीत असणं आणि माहीत आहे असं स्वतःशी म्हणणं यांच्यात बरीच जागा असते, आणि त्या जागेत माणूस आख्खा दिवस काढू शकतो. रोशनी बारा वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत दुसऱ्यांच्या चुका शोधत आली होती. चूक शोधायची एक रीत असते, आणि रीत चालू असेपर्यंत अपराधी कोण हे ठरत नाही. तिने रीतीला सुरुवात केली. ती ज्यात टाइप करायची तो एडिटर परवा अपडेट झाला होता, आधीची आवृत्ती टाकून बघितली. तेच. स्पेलिंग तपासणारा भाग बंद केला. तेच. कीबोर्डची भाषा बदलली, परत आणली. स्पेस—देव. स्पेस—देव.

मग तिने सारंगला फोन लावला. सारंग तिच्या आत्ताच्या कंपनीतला, शेजारच्या टेबलावरचा, मूळचा नागपूरचा. रविवार असूनही त्याने दुसऱ्या रिंगला उचलला.

"कॉन्फिगशिवाय उघडून बघितलास?" तो म्हणाला. "एकदम कोरा. तुझ्या सेटिंगची एकही फाइल न वाचता."

तिने तसा उघडला. काळा पडदा कोरा, रंग नाहीत, ओळींचे आकडे नाहीत, तिच्या सवयीचं काहीच नाही. टाइप केलं. स्पेस. खंडारे जिथल्या तिथे राहिलं.

"नाही बदलत."

"झालं मग. एडिटर निर्दोष. जे काही आहे ते तूच कधीतरी लिहून ठेवलंयस. शब्द बदलतोय कोणता?"

"असंच... एक आडनाव."

"आणि होतंय काय त्याचं?"

"दुसरं आडनाव."

सारंग मोठ्याने हसला. "एडिटरनं लग्न लावून दिलं का तुझं? थांब, स्क्रीन शेअर कर, दोन मिनिटांत काढतो."

"नको."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, कारण पलीकडे हसू थांबलं. "अगं, मला बघायला काही—"

"नको, मी बघते. बाबांचं काम आहे, घरातलं." आणि मग, उद्धटपणा झाला असं वाटून, "अर्धं-अर्धं करत जाते."

"हो, तेच. अर्धी फाइल बंद कर, बघ. उरलेल्याची अर्धी. सापडेलच, जाऊन जाऊन जाईल कुठे."

जाऊन जाऊन जाईल कुठे... फोन ठेवल्यावर तिने आपली सेटिंगची फाइल उघडली. सहाशे चाळीस ओळी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ती पंधरा ओळींची होती. तिथून प्रत्येक नव्या लॅपटॉपवर तिने ती आख्खी उचलून नेली होती, न वाचता, बायका माहेराहून आणलेली पेटी घरोघरी नेतात तशी. फाइलीच्या नावाआधी टिंब असतं आणि टिंब असलेल्या फायली यादीत दिसत नाहीत; मुद्दाम मागितल्या तरच दिसतात. तिने खालच्या तीनशे वीस ओळी बंद केल्या. एडिटर पुन्हा सुरू. स्पेस—देव. म्हणजे वरच्या अर्ध्यात. वरच्यातल्या एकशे साठ...

तिची पहिली नोकरी माधापूरची. त्या कंपनीत पहिल्याच दिवशी जेवायच्या टेबलावर मराठी ऐकू आलं तेव्हा तिला किती आनंद झाला होता, हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. मलकपेठेत, शाळेत, कॉलेजात सगळीकडे तेलुगू आणि दखनी. मराठी म्हणजे घर, विहार आणि नांदेडच्या लग्नातली माणसं. आणि इथे सहाजणं, पुण्याची, मुंबईची, डबे उघडून मराठीत भांडत होती. त्यातल्या एकीने, तिचं नाव शर्वरी, सरकून जागा केली. अगं, तू मराठी? हैदराबादची? ईमेलमध्ये तर नुसतं रोशनी डी दिसतंय—डी म्हणजे काय? देशपांडे? देव?

डी म्हणजे देवराव. ऑफिसातल्या कुणीतरी वडिलांचं नाव कापून पुढचं अक्षर ठेवलं होतं, एवढंच. तोंडात घास होता. घास गिळून सांगता आलं असतं, घास गिळायला असा कितीसा वेळ लागतो—पण मान आधी हलली. होकारार्थी. शर्वरीने विचारलं होतं आणि तिने नुसती मान हलवली होती. खोटं शर्वरीनेच वाढलं होतं, तिने फक्त ताट पुढे केलं. हे ती स्वतःला पुढे कैक वर्षं सांगत आली.

कुठले देव तुम्ही?

हैदराबादचेच.

म्हणजे निजामाच्या वेळेपासूनचे! कसलं भारी!

आणि भारी होतं. ते नाकारण्यात काय अर्थ? तीन अक्षरांनी ती आत आली होती. श्रावणात शर्वरीने तिला हळदीकुंकवाला बोलावलं, केसांत स्वतःच्या हाताने गजरा माळला. ऑफिसातल्या गणपतीला आरतीचं तबक तिच्या हातात दिलं, आणि ओळी येत नव्हत्या म्हणून ती नुसते ओठ हलवत राहिली. कुणीतरी बदलीवर आलेल्या एका मुलाबद्दल म्हणालं, "कोट्यातला आहे, कोडवरूनच कळतं," आणि सगळे हसले, आणि रोशनीही हसली—हे हसणं तिला आजही ऐकू येतं, थोडं उशिरा आलेलं, इतरांचं संपत असताना सुरू झालेलं. मी हसले. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती.

ऐंशी ओळी. स्पेस—देव. चाळीस. वीस. या वीस ओळींत काहीच नव्हतं, रंग आणि अक्षराचा आकार. तिने सगळ्या सहाशे चाळीस बंद केल्या आणि पुन्हा करून पाहिलं. देव.

फाइल पूर्ण रिकामी असूनही देव! क्षणभर तिला हलकं वाटलं, खरोखर हलकं... म्हणजे मी नव्हेच. अपडेटचीच भानगड, यंत्राची. मग तिच्यातल्या बारा वर्षांच्या कारागिराने शांतपणे सांगितलं की मुख्य फाइल ही एकटी नसते. तिच्या शेजारी एक फोल्डर असतं, त्यात लहान-लहान फायली, एकेका प्रकारच्या लिखाणासाठी वेगळी. जावासाठी एक, पायथनसाठी एक. साध्या मजकुरासाठी एक. रोशनी आयुष्यभर कोड लिहीत आली, माधापूर सोडल्यापासून साधा मजकूर तिने या एडिटरमध्ये लिहिलाच नव्हता, हे दोन आठवडे सोडले तर... म्हणून तर. म्हणून इतकी वर्षं ते गप्प बसलं होतं.

फोल्डर तिने उघडलं नाही. बाराला पाच कमी होते. उमाजीचा फोन आला.

"रोशनीताई, चार म्हणजे चार हां. उद्या लग्नाच्या पत्रिका लागल्यात मागं."

"देते भाऊ."

"आडनावाचा घोळ झाला म्हणे. देवरावकाका सकाळी सकाळी फोनवर लई परेशान होते. मी म्हटलं, काका, फाइलीत जे आलं ते आम्ही छापलं, आमच्याकडं नाही बदललं."

"नाही, तुमची चूक नाही."

म्हणजे बाबांनी तिला विचारायच्या आधी छापखान्याला विचारलं होतं. तिच्यावर संशय घ्यायच्या आधी जगात ज्याच्यावर ज्याच्यावर घेता येईल त्याच्यावर घेतला होता.

देवरावांनी जेवायला हाक मारली. ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी. आई गेल्यावर ते भाकरी करायला शिकले होते आणि रोशनी कोंडापूरचा भाड्याचा फ्लॅट सोडून मलकपेठेत परतली होती. दोघांपैकी कोण कुणासाठी आलं हे कधी बोललं गेलं नाही. भाकरी एका कडेला जाड, एका कडेला कागदासारखी. ते खाली बसून जेवत होते, ती स्टुलावर.

"सापडली का खोड?"

"जवळ आलेय."

"आमच्याकडं लेथ मशीन होतं एक," ते घास मोडत म्हणाले. "दर शंभराव्या नगाला सूतभर जास्ती कापायचं. चार साहेब येऊन गेले. शेवटी कळलं, कुण्या जुन्या माणसानं आत पत्र्याचा तुकडा सारून ठेवलता. आपल्या सोयीसाठी. माणूस रिटायर झाला, तुकडा तसाच."

"मग?"

"मग काय. काढला."

ती जेवत राहिली. भाजी आंबट होती आणि ती आंबटपणा तोंडात धरून बसली. त्यांनी हे मुद्दाम सांगितलं का? नाही. देवराव मुद्दाम बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांना लेथ मशीन आठवलं म्हणून सांगितलं. पण आईने त्यांना काही सांगितलं होतं का, हा प्रश्न बारा वर्षं रोशनीने विचारला नव्हता, आणि वर्षापूर्वी विचारायचं एक ठिकाण संपलं होतं, आणि उरलेलं समोर बसून भाकरी खात होतं.

बारा वर्षांपूर्वीचा मे महिना होता. पासपोर्टची मूळ प्रत घरी राहिली होती, व्हिसाच्या कागदांना लागत होती, आणि आई म्हणाली मी आणून देते. दोन बस बदलून पंचफुला माधापूरला आली. गेटवर तिने नाव सांगितलं, रोशनी खंडारे. गार्डने यादीत पाहिलं. नाही. तिने पुन्हा सांगितलं. नाही. रोशनीचा फोन मीटिंगमुळे बंद. सावली गेटच्या आतल्या बाजूला होती, बाहेर नव्हती. पाऊण तासाने रोशनी खाली आली तेव्हा गार्ड हसत आईला सांगत होता, "क्या अम्मा, पैलेच रोशनी देव बोलना था ना. तीसरे माले की रोशनी मॅडम."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे. कार्डावरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तिला मराठी येत होतं, तेही प्रौढांच्या वर्गात शिकलेलं, बोट ठेवून वाचायची. पदराआडून पाकीट काढून तिने रोशनीच्या हातात दिलं. पाकीट घामाने ओलं झालं होतं. आणि रोशनी मागे वळून बघत होती. शर्वरी लिफ्टपाशी होती का, शर्वरीने पाहिलं का—आई उन्हात उभी आणि ती मागे बघत होती.

"लहान हाय," आई म्हणाली. "लिहायला सोपं."

एवढंच. रागाने म्हणाली असती तर... पण ती तसं म्हणालीच नव्हती. नवी साडी दाखवली की काठ चांगला हाय म्हणायची, तसं म्हणाली. रोशनीने पाणी पिऊन जा असंही म्हटलं नाही, कारण पाणी आत होतं. आई रस्ता ओलांडून बसस्टॉपकडे गेली. त्यानंतर अकरा वर्षं ती जगली आणि एकदाही त्या ऑफिसबद्दल बोलली नाही. फोनवर काय करतेस विचारायची, जेवलीस का विचारायची. तिथं तुला काय म्हणतात, हे कधीच नाही.

दीड वाजता तिने फोल्डर उघडलं. साध्या मजकुराची फाइल तिथे होती. तारीख बारा वर्षांपूर्वीची, ऑगस्ट. म्हणजे गेटनंतर! हे तिने डोळे बारीक करून दोनदा पाहिलं. इतकी वर्षं तिच्या मनात क्रम उलटा होता: आधी ती ओळ, मग गेट, आणि गेटनंतर शरम वाटून तिने सगळं आवरतं घेतलं... असाच काहीतरी. तारीख तसं म्हणत नव्हती. मे महिन्यात आई उन्हात उभी राहिली, आणि ऑगस्टमध्ये तिने ही ओळ लिहिली.

आठवलंही. त्या दिवशी शर्वरी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी होती आणि ती टीमसाठी एक टिपण लिहीत होती, साध्या मजकुरात, आणि शेवटी नाव टाकताना बोटांनी स्वतःहून के, एच, ए लिहिलं. पहिलीपासून वह्यांवर लिहिलेलं नाव, बोटं ते विसरायला तयार नव्हती. तिने खोकल्याचं निमित्त करून खोडलं. शर्वरीने पाहिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने एडिटरला शिकवून ठेवलं, की हा शब्द आला की त्याच्या जागी तो लिही. एडिटरमध्ये ही सोय असते. लोक लांब शब्दांसाठी वापरतात. बोटांना खरं लिहू दे, खोटं यंत्र लिहील. तिला तेव्हा आपल्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं होतं.

फाइलीत दोनच ओळी होत्या. दुसरी ती. आणि पहिली, तिने स्वतःसाठी लिहिलेली टीप, एका शब्दाची: तात्पुरतं.

ते तात्पुरतं पुढे तीन वर्षं चाललं, आणि संपलं तेही तिने संपवलं नाही. जूनमध्ये सामाईक प्रिंटरवर तिचा फॉर्म सिक्स्टीन पडला होता. कराच्या कागदावर कायद्याचं नाव असतं, पूर्ण. शर्वरीने तो आणून तिच्या टेबलावर पालथा ठेवला. "तुझं प्रिंटआउट." पालथा. त्यातच सगळं आलं. दुसऱ्या दिवशी शर्वरी शेजारीच बसली, हसली, सिनेमाबद्दल बोलली. फक्त रोज न विचारता रोशनीच्या डब्यात येणारा तिचा चमचा त्या दिवशी आला नाही. आज पोट जड आहे, म्हणाली. मग दुसऱ्या दिवशीही जड होतं. महिन्याभराने रोशनीने दुसरी नोकरी धरली, तिथे पहिल्या दिवशी पूर्ण नाव सांगितलं आणि वाटलं, सुटले. लॅपटॉप बदलला. पेटी उचलून नेली.

तिने दोन्ही ओळी खोडल्या. फाइल जपून ठेवली, मग फाइलच पुसली. एडिटर पुन्हा सुरू केला. टाइप केलं, स्पेस दाबली. आठ अक्षरं तशीच राहिली. पुस्तिकेतल्या सातही जागा तिने हाताने दुरुस्त केल्या, एकेक करून. एका आज्ञेत सगळ्या बदलता आल्या असत्या, पण तिने तसं केलं नाही. पान छापलं आणि बाहेर नेऊन दिलं.

देवरावांनी चष्मा लावला. अक्षरांवरून बोट फिरवलं, आठपर्यंत.

"हां. आता बरोबर. कुठं होती खोड?"

"जुन्या कंपनीतलं काहीतरी राहून गेलं होतं."

"कुणी टाकलं होतं?"

"होतं कुणीतरी." शब्द तोंडातून बाहेर पडले, आणि ते किती सहज पडले याचंच तिला नवल वाटलं. खुर्चीच्या कडेला टेकत तिने विचारलं, "बाबा, आई त्या ऑफिसबद्दल काही बोलली होती का? तुम्हाला, कधी?"

देवरावांनी पान घडीवर घडी घालून खिशात ठेवलं. "एकदा म्हणली होती. तिथं बाहेरच्या माणसाला लई वेळ उन्हात उभं करतात म्हणून."

"आणि?"

"आणि काय. पोरगी मोठ्या जागी हाय म्हणली." ते उठले, कपाटावरून आपली वही काढून आणली आणि तिच्या समोर बसले. "आता एक काम कर. अजून येळ हाय. तू इंग्रजीतलं वाच आणि मला मराठीत सांगत जा, काय लिहिलंयस. मी वहीत बघत जातो. नावाचं मला कळलं, बाकीचं कसं कळणार? नातवंडं वाचतील. बरोबर पाहिजे."

"सगळं तुमच्या वहीतलंच आहे, बाबा."

"असू दे. ऐकतो."

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. पहिलं पान जन्माचं, गावाचं. तिने इंग्रजी वाचलं आणि मराठीत सांगितलं, आणि देवरावांचं बोट वहीतल्या ओळीवरून बरोबरीने सरकलं. दुसरं पान लग्नाचं. तिसऱ्या पानावर ती थांबली.

वहीत काय होतं ते तिला पाठ होतं: 'पंचफुलानं दवाखान्यात बावीस वर्षं लोकांच्या रक्ताच्या चादरी धुतल्या. हाताची साल निघायची. तिनं पोरांना त्या हातानं कधी जेवू घातलं नाही, मी घालायचो.' आणि पडद्यावर, तिच्या स्वतःच्या इंग्रजीत, होतं की पंचफुला यांनी बावीस वर्षं रुग्णसेवेच्या क्षेत्रात काम केलं. पुढचं वाक्य होतं की मुलांच्या संगोपनात दोघांचाही वाटा होता.

तिने खाली पाहिलं. गावकुसाबाहेरची वस्ती, तिचं झालं होतं एक छोटं खेडं. पाटलाच्या विहिरीची हकीकत, देवरावांनी दीड पान लिहिलेली, ती 'अनेक अडचणींना तोंड देत' या चार शब्दांत बसली होती. यातलं एकही वाक्य तिने मुद्दाम असं लिहिलं नव्हतं. बोटांनी लिहिलं होतं, पडद्याकडे न बघता. आणि याच्यासाठी कोणत्या फोल्डरमध्ये कोणती फाइल शोधायची, अर्धं काय बंद करून बघायचं... राग यायला हवा होता, शर्वरीचा, त्या टेबलाचा. तो होता, बारा वर्षं जपलेला, कामाला यायचा. आता त्याला हाक मारली तर तो आला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून गेले होते. देवराव वहीत बोट ठेवून थांबले होते, चादरींच्या ओळीवर.

"इथवर आलो," ते म्हणाले. "सांग की. काय लिहिलंयस?"

वहीतलं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ते जसंच्या तसं म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि बोट पुढे सरकलं असतं. तिने तोंड उघडलं. आवाज आपलाच निघेल की नाही याची, आयुष्यात पहिल्यांदाच, तिला खात्री वाटेना.